वर्षानंतरची कढई

रायपूर, १६ नोव्हेंबर २०२३

ती. शारदावन्सं यांना वनमालाचा सा. न. वि. वि.

आज पाण्याची टाकी धुतली. चादरी वाळत घातल्या. रूपाली बसने नवा रायपूरला ऑफिसात गेली. दुपारी एकटीच जेवले. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहायला बसले.

तुमच्यासाठी पंडरीच्या कापडबाजारातून भाऊबिजेचं लुगडं आणलं आहे. दरवर्षी हे आणायचे, या वर्षी रूपालीने आणलं. पाळीच्या दुसऱ्या दिवशी गेली, वन्सं. पूर्वी त्या दिवसांत पोरगी गरम पाण्याची पिशवी पोटाशी धरून भिंतीकडे तोंड करून पडायची. या वेळी दुकानं फिरली, भाव केला आणि घरी आल्यावर मलाच हिंदीत म्हणाली की तूच थकलेली दिसतेस.

तिच्या दुखण्याचं नाव एंडोमेट्रिओसिस. गर्भाशयाच्या आत असतं तसं अस्तर बाहेरही वाढतं आणि दर महिन्याला सुजतं. गोळ्या चालू आहेत. तरी अपर्णा डॉक्टरांनी विचारलं, घरी काही बदललं का. मी सांगितलं की हे गेल्यापासून रीतीप्रमाणे घरात कढई चढलेली नाही. तळण नाही, डालडा नाही. वरण, भाजी, भाकरी आणि जवसाची चटणी. त्या म्हणाल्या, आपण जे तेलतूप खातो त्याप्रमाणे आतड्यातले जीवाणू बदलतात, आणि त्यांचा या सुजेशी संबंध असावा असं दिसतं आहे. जवसातलं तेल त्या दृष्टीने बरं. पण हे बरंचसं उंदरांवर पाहिलेलं, माणसांत अजून पक्कं नाही, गोळी सोडायची नाही, असंही त्यांनी बजावलं.

आता माझी अडचण. वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी या घरची लेक म्हणून कढई तुम्ही चढवणार. वर्षभराच्या राहिलेल्या चकल्या, अनारसे, करंज्या एकदम तळीन, असं तुम्ही कळवलंत. एका पुरीने काही होत नाही, हे डॉक्टरही म्हणाल्या. पण डबे भरले की घर जुन्याच वळणावर जाईल. रूपाली तुम्हाला नाही म्हणणार नाही. माझ्याच्यानेही म्हणवत नाही, कारण कढई यांच्या नावाची आहे. काय करू, तुम्हीच सांगा.

तुमची माया आहे तशीच असू द्या.

वनमाला

*

वर्धा, २१ नोव्हेंबर २०२३

चि. वनमाला हीस शारदाचे अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून पहिले तर मले रागच आला. उंदरांच्या पोटात दुखते म्हणून माझ्या भावाच्या घरची कढई थंडी ठेवाची काय? आमच्या यांना वाचून दाखवलं तर हसूनच राहिले. म्हणे, तुझ्या चकलीनं उंदराचा दातच पडला असता.

मग लुगड्याचं पुन्हा वाचलं. गुलाब होता तेव्हा मी आली होती, तर पोट्टी ओठ चावून पडली होती. तेच पोर पंडरी फिरून आलं! अन् लुगड्याचा रंग कोणता ते लिहिलंच नाही तू. काहून?

कढई मीच चढवीन. रीत मोडाची नाही. पण कढई चढवा एवढंच आपल्यात सांगितलं आहे, तेल ओता असं कोणी सांगितलं नाही. मी जवस घेऊन येते अन् कढईत जवस भाजते. गुलाब त्या चटणीले गुरांच्या खाण्यातली ढेप म्हणे. आता त्याच्याच नावानं ढेप भाजतो म्हणा!

पोट्टीच्या पाठीवरून माझा हात फिरव. खुशाली कळवत जा.

तुझी शारदा

*

रायपूर, १ डिसेंबर २०२३

ती. वन्सं यांना सा. न.

तुम्ही सुखरूप पोचलात, बरं वाटलं. परवापासून घरात जवसाचा वास आहे. दाणे तडतडून तुमच्या नव्या जांभळ्या लुगड्यावर उडाले तेव्हा तुम्ही यांनाच रागावलात, की गुलाब्या, वर गेला तरी खोड्या गेल्या नाहीत तुझ्या. रूपाली हसता हसता ओट्याला धरून खाली बसली. या स्वयंपाकघरात वर्षभर कोणी असं हसलं नव्हतं. मलाही हसू आलं. मग डोळे पुसावे लागले, ते तुम्ही पाहिलंत.

पुढचा महिना कसा जाईल, माहीत नाही. डॉक्टर म्हणतात, बघत राहू. आज ती मैत्रिणींसाठी चटणीचा डबा घेऊन ऑफिसात गेली आहे.

इकडची आठवण ठेवा, आणि पुन्हा लवकर या.

वनमाला

ता. क. कढई वर्षभर माळ्यावर होती. आत्ता ती घासली, पुसली आणि ओट्यावरच्या खिळ्याला टांगली.