सत्तर गुणांची अट

योनागो, १४ नोव्हेंबर

चि. मासुमीस अनेक आशीर्वाद.

दाइसेन डोंगराच्या माथ्यावर पहिला बर्फ दिसू लागला आहे. तुमच्या ओकायामाला अजून ऊब असेल. माझी प्रकृती ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण दखल घ्यावी इतका नाही. तेरा महिन्यांत मी तुला पाकिटे पाठवली, पत्र एकही लिहिले नाही. तेव्हा कुशल विचारण्याचा अधिकार मला कितपत उरला आहे, हे तूच ठरव.

पत्राचा हेतू आरंभीच सांगतो. हेतू न सांगता पुरावा मांडू लागणाऱ्या वकिलांना न्यायासनावरून मी नेहमीच थांबवत आलो. मला दोन गोष्टी सिद्ध करायच्या आहेत. पहिली: त्या पाकिटांतून तुला आलेल्या उत्तरपत्रिकांतली उत्तरे तुझ्या आईची नव्हती. दुसरी: या लबाडीचे मूळ तिच्या शेजारी बसणाऱ्या कुसुमोतोबाई आहेत.

तू आमच्या मंडळात कधी आली नाहीस, म्हणून पद्धत सांगतो. दर बुधवारी सकाळी दहाला आम्ही वीस-बावीस म्हातारी माणसे सार्वजनिक सभागृहात जमून कांजी लिपीतल्या चित्राक्षरांची कोडी सोडवतो. मधल्या रिकाम्या घरात असे अक्षर भरायचे, की चारही बाजूंच्या अक्षरांशी त्याचा शब्द व्हावा. किंवा एखाद्या अवघड अक्षराचे नाव ओळखायचे, कधी मासा, कधी झाड. मेंदू तरतरीत राहतो, असे नगरपालिकेच्या पत्रकात म्हटले आहे. प्रश्न वीस, गुण शंभर. प्रश्नपत्रिका सभासदांनी आळीपाळीने काढायची. तपासणी शेजाऱ्याने करायची, लाल शाईने. बरोबर उत्तराला गोल, आणि सगळी बरोबर आली तर पानभर फूल. गुण जोडीचे धरतात, आणि महिन्याच्या पहिल्या जोडीचे नाव फळ्यावर लागते.

गेल्या हिवाळ्यापासून फळ्यावर एकच जोडी आहे: इनागाकी फुमिए आणि कुसुमोतो तोमी.

मला संशय का आला? आधी आईच्या कागदावर खोडरबराचे डाग असत. ती विचार करी, खोडी, पुन्हा लिही. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरनंतरचे कागद निष्कलंक आहेत. निष्कलंक साक्षीवर मी कधी विश्वास ठेवला नाही. शिवाय कुसुमोतोबाई तिची पिशवी उचलतात, लोणचे आणून देतात, तिला घराजवळच्या कोपऱ्यापर्यंत सोडतात. टोफूचे दुकान चालवलेली बाई विनाकारण एवढी वाकत नाही. फळ्यावर नाव राहावे म्हणून माझ्या बायकोला त्यांनी बाहुली करून ठेवले आहे, असा माझा निष्कर्ष होता.

घरातल्या काही गोष्टी या विषयाशी संबंधित नाहीत, म्हणून त्या मी विचारात घेतल्या नाहीत. भाताचे पातेले दोनदा करपले. ते कुणाचेही करपते.

काल प्रश्नपत्रिका काढण्याची पाळी माझी होती. मी दोन तऱ्हेच्या प्रती केल्या. प्रश्न तेच, पण आईच्या प्रतीत त्यांचा क्रम वेगळा. तिची प्रत मी स्वतः तिच्या हातात दिली. ती स्वतःच्या डोक्याने लिहील तर काही बिघडणार नव्हते. शेजारच्या कागदावरून उतरवील तर उघडे पडणार होते.

वेळ संपली. मी उत्तरे क्रमाने वाचून दाखवली. कुसुमोतोबाईंनी नेहमीप्रमाणे आईच्या कागदावर वीस गोल काढले आणि वर फूल. मग मी जाऊन तो कागद उचलला. तिसऱ्या प्रश्नात मासा विचारला होता. उत्तरात झाड होते.

"कुसुमोतोबाई," मी म्हणालो, "हा मासा कोणत्या बागेत उगवतो?"

मागे कुणीतरी हसले. मंडळाचे प्रमुख निवा, पूर्वी पोस्टात होते, घाईने उठले. "जजसाहेब, चहा निवतोय. आधी चहा घेऊ, मग काय ते..."

"चहा नंतर. फुमिए, तिसरा प्रश्न वाच पाहू."

तुझ्या आईने कागदाकडे पाहिलेच नाही. तिने कुसुमोतोबाईंकडे पाहिले.

"तिला नका विचारू, मला विचारा," कुसुमोतोबाई म्हणाल्या. लाल पेनाचे टोपण त्यांनी शांतपणे लावले. "मीच दाखवत होते. वर्ष झालं. काय शिक्षा द्यायची ती द्या."

"का?"

"आता विचारताय होय? जजसाहेब, चाळीस वर्षं टोफू विकला मी. हात लावला की कळतं, कुठला तुकडा मोडणार ते. तुम्ही तर एका घरात राहता! गेल्या वर्षी ऑक्टोबरात ही येऊन माझ्या कानात म्हणाली, 'सत्तर लागतात हो मला. फक्त सत्तर.' मी म्हटलं, अगं, साहेबांना सांग ना सरळ. तर म्हणते, 'ते पुरावा मागतील.'"

"सत्तर लागत होते, तर शंभर का दिलेत?" हा प्रश्न मी खरोखर विचारला, मासुमी. सवय आहे.

"फूल काढलं की हसायची ती," कुसुमोतोबाई म्हणाल्या.

तेवढ्यात आईने माझी बाही धरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या स्पष्टपणे विचारले, "अहो, सत्तरच्या वर आहेत ना? मग मला कुठं जायला नको ना?"

निवांनी चहाचे पेले पुन्हा तबकात ठेवले.

तो आकडा कुठून आला हे तुला ठाऊक आहे. मलाही तत्काळ आठवले. गेल्या वर्षी ऑक्टोबरात तू फोनवर म्हणालीस, "बाबा, आईला डॉक्टरांना दाखवा, किंवा तिला आमच्याकडे आणा." मी म्हणालो, "ज्या दिवशी तिचे गुण सत्तरच्या खाली जातील, त्या दिवशी मी स्वतः तिला दवाखान्यात नेईन आणि तुझ्या हवाली करीन. तोवर विषय बंद." मला ही अट अत्यंत न्याय्य वाटली होती. मोजता येणारी, दोन्ही पक्षांना समान. आई शेजारच्या खोलीत वाळवणीसाठी पर्सिमनची फळे सोलत होती. मध्ये फक्त कागदी दार होते, आणि न्यायालयात असल्यासारखे मोठ्याने बोलण्याची माझी खोड तू जाणतेस.

त्या महिन्यापासून मी तुला कागद पाठवू लागलो. आणि ती कागद मिळवू लागली.

काल घरी येताना ती माझी बाही सोडायला तयार नव्हती. वाटेत तिने दोनदा विचारले, मासुमी शाळेतून आली असेल का. मी दोन्ही वेळा म्हणालो, येईल. ओसरीत यंदाचे पर्सिमन टांगले आहेत. अर्धे सालासकट आहेत. दोन आठवड्यांपूर्वीच मला ते दिसले होते. ती बाहेर गेली असताना मी उतरवून तेवढे सोलायला बसलो, पण मला जमत नाही. म्हणून पुन्हा तसेच टांगले, आणि त्याबद्दल कुणाला काही बोललो नाही. स्वतःलाही नाही.

गॅसची मुख्य कळ मी एप्रिलपासून बाहेर जाताना बंद करून जातो. हेही त्याच दस्तऐवजात जोडावे.

आज सकाळी कुसुमोतोबाईंकडे गेलो. वाकून क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "माझंही चुकलंच. वर्ष गेलं तिचं. बुधवारी घेऊन या तिला, साहेब. गुण नको देऊया. नुसतं बसू दे." दवाखान्याची वेळ पुढच्या शुक्रवारी, २२ तारखेला, साडेदहाची मिळाली आहे. डॉक्टर विचारतील, पहिली लक्षणे कधी दिसली. खरी तारीख तुझ्याकडे आहे. माझ्याकडे फक्त गुण आहेत. तू यावेस. यात अट नाही.

निकाल असा: पहिला मुद्दा सिद्ध. दुसरा फेटाळला.

कबुली: माझी चूक एकच. तुझ्या आईला काय होते आहे हे तिला विचारण्याऐवजी मी ते गुणांना विचारले, आणि किती गुण पुरेत हे तिच्या कानांवर घातले. सत्तरची अट मी मागे घेत आहे.

खाली सही केली आहे, शिक्काही उमटवला आहे.

इनागाकी शिगेहारू
तुझे बाबा