पांढऱ्या दोऱ्याचं रीळ

मंगळवार, ११ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक, तिकडेही सगळे ठीक असाल, असं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं म्हणून लिहिते. आईला माझा नमस्कार. वहिनीला सांग, तिचा डबा परत द्यायचा राहिलाय, पण हडप केलेला नाही.

पत्र कशाला, फोन करायचा, असं म्हणशील. फोनवर तू नुसतं ‘हं, हं’ करतोस आणि मागे मशीन चालूच. परवा मी बोलत होते तेवढ्यात तू अख्खी बाही जोडलीस, मला ऐकू येत होतं. टेलर आहेस ते ठीक, पण बहिणीचं बोलणं म्हणजे काय टाके घालायचा वेळ आहे? फोटो पाठवायचे होतेच, म्हणून पाकिटात हे चार कागदही.

तर आईच्या ऐंशीव्या वाढदिवसाचे फोटो. तुझ्या लेकीने मोबाइलवर काढलेत, पण पोरीचा हात स्थिर आहे. वाईट आहे ती तुमची खोली. पिवळे दिवे आणि त्यात तो नारिंगी पडदा. उरलेल्या कापडाचा पडदा शिवायची बुद्धी तुला कोणी दिली देव जाणे. रंगीत फोटोत सगळे जण कावीळ झाल्यासारखे

हे वाक्य सोड. सगळे जण पडद्यातून उठून आल्यासारखे दिसतात, एवढंच म्हणायचं होतं. म्हणूनच तू म्हणालास ना, की रंगच नकोत, आई-बाबांच्या त्या जुन्या फोटोसारखे कर, काळे-पांढरे?

लोकांना वाटतं, रंग काढून टाकले की झालं. गंमत म्हणून मी तसं बटण दाबून पाहिलं. नारिंगी पडदा आणि वहिनीचा हिरवा ड्रेस, दोन्ही एकाच राखाडी रंगाचे झाले आणि वहिनी पडद्यात विरघळली. उरलं फक्त डोकं आणि हातातला चहाचा ट्रे. हे तिला वाचून दाखवू नकोस.

खरं काम वेगळंच असतं. रंगीत फोटोत तीन थर असतात, लाल, हिरवा आणि निळा. सुटा करून पाहिला तर प्रत्येक थर म्हणजे एक वेगळा काळा-पांढरा फोटो. लाल थर गोडबोल्या. कातडी उजळ करतो, सुरकुत्या पुसतो, सगळ्यांना तरुण करून टाकतो. हिरवा सरळमार्गी. निळा मात्र मेला खवचट. डाग, वांग, जागरण, जे म्हणून लपवावं ते गडद करून चव्हाट्यावर मांडतो. आम्ही हिरवा भरपूर घेतो, लाल गरजेपुरता, निळा अगदी चवीपुरता. मग बसायचं आणि हाताने इथे थोडं उजळ, तिथे थोडं गडद करत जायचं. काळ्या केसांत केस वेगवेगळे दिसले पाहिजेत, पांढऱ्या कापडात वीण दिसली पाहिजे. मधल्या करड्या छटा जितक्या जास्त, तितका फोटो भरलेला वाटतो.

आईचा एकटीचा फोटो सोबत ठेवलाय. बघ कसा उतरलाय. आमच्या फोटो लॅबचे मालक सहसा कोणाचं कौतुक करत नाहीत, पण तेसुद्धा उभे राहून बघत होते. “हा आपल्या खिडकीत लावू या?” म्हणाले. मी म्हटलं, “आमच्या दादाला विचारावं लागेल.”

तुझा आणि आईचा जो मोठा करून भिंतीवर लावायचाय, तो मात्र राहिलाय. प्रिंटरची शाई संपली आहे. दोन दिवस थांब.

जाता जाता विचारते, अंगाला खाज येत होती ती गेली का? आणि वहिनी म्हणत होती, ताटात अर्धं टाकून उठतोस. असंच आपलं विचारलं.

तुझी,
धाकटी

---

शुक्रवार, १४ तारीख

प्रिय दादा,

नमस्कार. काल तुझा फोन आला तेव्हा मी धड बोलले नाही. “अगं, शाई विहिरीतून काढायची असते का?” म्हणालास आणि स्वतःच हसलास. शाई मंगळवारीही होती, दादा. थाप मारली मी.

त्या फोटोवर माझा हात चालत नाहीये. बसते, दोन मिनिटं बघते, उठते. कप धुते, तो आधीच धुतलेला असतो. खिडकी उघडते, गाड्यांचा आवाज येतो म्हणून लावते, मग गुदमरतं म्हणून पुन्हा उघडते. मालक म्हणाले, “बाई, खुर्चीला काटे फुटलेत का?” बाकीची गिऱ्हाइकं तुंबली आहेत. एका लग्नाचे फोटो द्यायचे होते, ती नवरी स्वतः येऊन ओरडून गेली. बरोबरच आहे तिचं.

तुम्हा सगळ्यांचे ते फोटो मी पुन्हा पुन्हा बघतेय. पहिल्यांदा बघताना माणूस हसलेली तोंडं बघतो. नंतर भलभलतं दिसायला लागतं. तुझ्या पट्ट्याचं टोक बघ, पार कमरेमागे गेलंय, आणि नवं भोक पाडलंयस ते सुताराने पाडल्यासारखं. आणि प्रत्येक फोटोत तुझा उजवा हात डाव्या हातावर. केक कापताना, आईशेजारी बसताना, दारात पाहुण्यांना निरोप देतानासुद्धा. आधी वाटलं, आमचा दादा फोटोसाठी नवी ऐट शिकलाय. मग मोठं करून पाहिलं. खाजवतोयस.

आणखी एक गोष्ट आहे. ती दिव्यांमुळे असेल. पिवळ्या दिव्यांत काय वाटेल ते दिसतं. ती मी दुरुस्त केली. अगदी सोपं काम, गिऱ्हाइकांचं रोज करते आणि त्यावर कधी विचारही करत नाही. करून झाल्यावर फोटो इतका सुंदर दिसला की काय सांगू. तू आणि आई, दोघांची कपाळं अगदी सारखी. छापायला लावला आणि छापता छापता मशीन थांबवलं. केलेलं पुसलं. जेवून आल्यावर पुन्हा केलं. पुन्हा पुसलं.

म्हणून मी तुझ्या लेकीला फोन करून सांगितलं, बाबांचा एक फोटो दुकानाच्या दारात काढून पाठव, दिवसाउजेडी, दिवे बंद. छटा जुळवायला हवाय म्हटलं. तिने पाठवला. मागून तू काय म्हणालास तेही तिने सांगितलं, “आत्याला शंका चावली असेल.” आणि मग म्हणे तू दुकानातल्या गिऱ्हाइकाला बसची गोष्ट सांगितलीस.

सांग, सगळ्यांना सांग. भरल्या बसमध्ये मला जळका वास आला, मी आरडाओरडा केला, ड्रायव्हरने गाडी थांबवली, माणसं सामानासकट रस्त्यावर उतरली, आणि वास निघाला तुझ्याच पिशवीतल्या गरम इस्त्रीचा. तेव्हापासून मी शंकासुर. बघ, तुझ्याइतकीच मीही ती गोष्ट रंगवून सांगू शकते.

डॉक्टरकडे जा असं मी म्हणणार नाही. तुझं उत्तर पाठ आहे, “गेलं की काहीतरी सापडतंच.” मी काहीच म्हणत नाहीये. फोटो सोमवारी पाठवते.

आईला जप. स्वतःलाही.

तुझी,
शंकासुर

---

सोमवार, १७ तारीख

दादा,

आज नमस्कार-चमत्कार नाही. मशीन बंद कर आणि मग वाच. समोर गिऱ्हाईक असेल तर त्याला बसव.

तुझे डोळे पिवळे झालेत.

लिहिलं एकदाचं. गेला आठवडाभर हे एवढंसं वाक्य मला लिहिता येत नव्हतं. पडद्याबद्दल लिहिलं, पट्ट्याबद्दल लिहिलं, शाईबद्दल खोटं लिहिलं.

रंगीत फोटोत ते कोणालाच दिसलं नाही, कारण तुमच्या त्या दिव्यांत सगळेच पिवळे होते. मी थर सुटे केले. पिवळं असेल ते निळ्या थरात गडद होतं, हे तुला लिहिलंच नव्हतं, मुद्दाम. आईचे ऐंशी वर्षांचे डोळे त्यात पांढरे आहेत. वहिनीचे आहेत, पोरीचे आहेत, तुझा शर्टही पांढरा आहे. त्याच दिव्याखाली, त्याच क्षणी. फक्त तुझ्या डोळ्यांतलं पांढरं गढूळ, करडं. सावली असेल म्हणून दुसरा फोटो पाहिला, मग तिसरा. हसताना तुझे डोळे मिटतात, म्हणून जिथे तू हसला नाहीस ते शोधत बसले. सगळीकडे तेच. गेल्या वर्षीचे फोटो काढले, त्यात डोळे स्वच्छ आहेत. आणि पोरीने दारात काढलेला फोटो उघडला, तेव्हा थर सुटे करायची गरजच पडली नाही.

रोज बघणाऱ्याला हे दिसत नाही, दादा, हळूहळू होतं. वहिनीला बोल लावू नकोस.

आमच्या वरच्या मजल्यावर दवाखाना आहे. तिथल्या डॉक्टरीणबाई आज ओळखपत्राचा फोटो काढायला खाली आल्या होत्या, त्यांना दाखवला. खाज सांगितली, जेवण सांगितलं, पट्टा सांगितला. त्या म्हणाल्या, “फोटोवरून मी कशाचंही नाव घेणार नाही. साधंही असू शकतं. पण माणसाला तपासायला हवं, आणि तेही लवकर. वाट बघू नका.” मी म्हटलं, तो येणार नाही. त्या म्हणाल्या, “मग तुम्ही आणा.” स्वतःचा फोटो न घेताच वर गेल्या, नंतर मी नेऊन दिला.

फोनवर सांगितलं असतं तर तू हसला असतास. तू हसलास की मलाही हसू येतं, आणि सगळं तिथेच मिटलं असतं. या वेळी मला ते नको होतं. मला भीती वाटतेय. ही शंका नाही. शंकेची मला सवय आहे, तिच्यासोबत मी निवांत जेवते. हे वेगळं आहे.

आणि एक सांगू? बसमधला वास खरा होता. तुझी गोष्ट नेहमी माझ्या आरडाओरड्यावर संपते. तुझ्या पिशवीला जळून भोक पडलं होतं, आत गिऱ्हाइकाचं कापड होतं, ते कोणामुळे वाचलं, हे तू कधी सांगत नाहीस.

निळ्या थराचा फोटो मी पाठवत नाहीये. आईच्या हाती लागला तर ती घाबरेल, आणि तू म्हणशील, तुमच्या कॉम्प्युटरची करामत. त्याऐवजी पाकिटात पांढऱ्या दोऱ्याचं रीळ आहे.

मी शाळेतून आले की तू माझ्या हातात कापडाचा तुकडा आणि चार रिळं द्यायचास आणि दाराकडे पिटाळायचास. दिव्याखाली रंग जुळवायचा नाही, म्हणायचास, दिवा खोटं बोलतो. मला सगळी पांढरी सारखीच वाटायची. तू एकेक वेगळं करून दाखवलंस, दुधी, मोतिया, निळसर, पिवळट. लॅबमध्ये सगळे म्हणतात, हिला छटा कळतात. त्यांना काय माहीत मी कुठे शिकले.

तर आता तू जा. वहिनीचा हातआरसा घे, दुकानाच्या दारात उभा राहा आणि रीळ डोळ्याच्या बाजूला धर. माझं ऐकू नकोस, त्या बाईंचंही ऐकू नकोस. जुळतं का तेवढं बघ. तुझ्याइतकं पांढरं कोणाला कळत नाही.

जुळलं, तर ही गोष्ट बसच्या गोष्टीला जोड आणि आईच्या पुढच्या वाढदिवसाला भर पंगतीत सांग. नव्वदाव्यालाही सांग. मी समोर बसून ऐकून घेईन. जन्मभर चिडव मला. फक्त त्यासाठी तू लागतोस, एवढंच.

नाही जुळलं, तर कात्री ठेव, शटर ओढ आणि कपडे बदलून बस. हे पाकीट आज बसच्या कंडक्टरच्या हाती देतेय, सकाळी तुला मिळेल. दुपारच्या बसने मी येतेय. तिथूनच आपण दोघं दवाखान्यात जायचं. मी आत येणार आहे, बाहेर बाकावर बसणार नाही, आत्ताच सांगून ठेवते. वहिनीला काय सांगायचं ते वाटेत ठरवू.

तुझा आणि आईचा मोठा फोटो मी छापलेला नाही. डोळे पांढरे करून छापणं माझ्या हातात होतं, पण तो फोटो भिंतीवर लागला असता आणि मला तुमच्या घरात पाऊल टाकवलं नसतं. भिंतीवरचा खिळा तसाच राहू दे. तू बरा झालास की तुम्हा दोघांना दारात बसवून मी स्वतः नवा फोटो काढीन, आणि त्यात मी कुठेही हात लावणार नाही.

उद्या दुपारी स्टँडवर घ्यायला येऊ नकोस. घरीच थांब. दारात थांब, उजेडात.

तुझ्या हाताखाली शिकलेली,
शंकासुर