डागावर बसवलेली मुलगी

आई, आज सोफ्यावरचा चॉकलेटचा डाग काढला. भाची तिच्या लेकीला घेऊन सदर बाजारात खरेदीला आली होती, दुपारी माझ्याकडे टेकली. पोरीने चॉकलेटचे हात सोफ्याला पुसले आणि भाची बिचारी ओशाळली. मी म्हटलं, राहू दे वं. चमच्याच्या पाठीने वरवरचं खरवडून काढलं, थंड पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब टाकला आणि पांढऱ्या फडक्याने कडेकडून आत टिपत गेले. घासलं नाही. चहा उकळेपर्यंत सोफा होता तसा झाला. इतकंच काम होतं, आई. एवढ्याशा गोष्टीपायी तू माझं लग्न मोडलंस.

खापरखेड्याच्या वीज केंद्राच्या क्वार्टरमध्ये मला पाहायला येणार होते. पेढे ठेवले तर आपण गावंढळ दिसू म्हणून तू चॉकलेटं मांडायची टूम काढलीस. मे महिन्यात, नागपूरकडच्या उन्हाळ्यात! बाबा म्हणालेही, "पाघळून जाईन ते." तू म्हणालीस, "तुम्हाले काय समजते? कूलर चालू आहे ना." आणि लाइट गेली. जिथे वीज बनते त्याच कॉलनीतली. उघडा डबा नव्या, साईच्या रंगाच्या सोफ्यावर पडला होता, त्यातली चॉकलेटं पाघळून सोफ्यात उतरली. तू उकळतं पाणी आणून ओतलंस आणि घासत सुटलीस. डाग ताटाएवढा झाला. तेवढ्यात फाटकाशी गाडी थांबली. तू माझा दंड धरलास आणि मला त्या डागावर दाबून बसवलंस. "इथंच बस. काही झालं तरी उठू नको, नाहीतर तंगडं तोडीन तुयं." साडीतून ते गरम पाणी मांड्यांना लागत होतं.

मी बसले आहे. मुलगा सदरच्या एका ऑफिसात कारकून, सारखा रुमालाने कपाळ पुसतोय, माझ्याकडे पाहून जरासा हसतो. त्याची आई म्हणते, "पोरी, जरा चालून दाखव." मुलगी पाहायला आलं की हे सांगतातच, चार पावलं टाकली की झालं. मी तुझ्याकडे पाहते. तू डोळे वटारतेस. "पाय मुरगळला तिचा," तू म्हणतेस. ती बाई ऐकत नाही, "हळूहळू चालू दे ना, मी धरतो तिले." मी उठत नाही. तिचा चेहरा उतरतो. मुलगा तेवढा विचारतो, "लई दुखून राहिलं का?" मी हो म्हणून मान हलवते.

निरोप आला, मुलीच्या पायात खोट आहे. बाबा खरं सांगायला निघाले, चपला घालून दारापर्यंत गेले, तर तू आडवी आलीस. "लंगडी म्हणू द्या. माह्या घराले घाण म्हटलं तर मी कोणाले तोंड दाखवू?" वा, काय आई मिळाली मला! मग ते कॉलनीभर झालं. जो पाहुणा येई तो आधी माझ्या पायांकडे बघे, आणि एकदा संशय धरला की धड चालसुद्धा वाकडी दिसते. पुढे पाहुणेच येईनासे झाले. मी नोकरी धरली. तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा तुझं हागणंमुतणं मीच काढलं, आणि तू आल्यागेल्यासमोर मला विचारायचीस, "काहून नाही केलं वं तू लग्न?" तू खरंच विसरली होतीस. एक ठेवून द्यावीशी वाटायची. मी उशी सारखी करायचे.

हे कुठे पाठवायचं नाही, लिहून झालं की फाडून टाकीन. पण तू गेलीस तेव्हा मी ओक्साबोक्शी रडले, कोणालाच आवरेना. शेजारणी म्हणाल्या, "आईवर लई जीव होता हिचा." मी त्या मुलासाठी रडत होते, आई. तो मला फार आवडला होता. त्या बायांना मी तसंच समजू दिलं.