पुतळ्यांच्या कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी

३ डिसेंबर
आजपासून मी उलीसेसमामांच्या कागदी पुतळ्यांच्या कारखान्याचा जनसंपर्क अधिकारी. म्हणजे एकतीस तारखेपर्यंत. तोवर आपलं दुकान टीव्हीवर दिसलं तर पद कायम, टेबलासकट. नाही दिसलं तर परत खळीच्या पातेल्यापाशी. मामा सगळ्यांदेखत बोलले. मामेबहीण यादिरा हसली. का हसली, ते शोधायचं.
कार्डं छापली. मामी म्हणाली, अरे विल्मेर, गल्लीत तुला सगळे चड्डीत असल्यापासून ओळखतात, कार्ड कुणाला देणार? ग्वायाकील शहर आपल्या गल्लीपुरतं नाही, हे मामीला कोण सांगणार.
संकल्प: रोज इस्त्रीचा निळा शर्ट. खळीला हात लावायचा नाही.

६ डिसेंबर, सकाळ
दारावर मामांच्या आडनावाचा फलक लावला: 'पिंकाय यांचे पुतळे. वर्षानुवर्षे टिकतात.' शुद्धलेखन तीनदा तपासलं.

तोच दिवस, दुपार
एक गिऱ्हाईक म्हणालं, एकतीसच्या रात्री जाळायला नेतोय, टिकवून काय करू? सरत्या वर्षाची पीडा घरात मांडू? मामांनी फलक उतरवून त्याच्यावर ओले कागद वाळत घातले. लोकांची तयारी कमी पडते. शिवाय ते गिऱ्हाईक आधी यादिराशी बोलत होतं.

१० डिसेंबर
नवी योजना. मोठा माणूस आला की टीव्ही मागोमाग येतो. अग्निशमन दलाच्या साहेबांना आमंत्रण दिलं. पुतळे आणि आग, संबंध आहेच.

१४ डिसेंबर
साहेब आले. मामीने बोलोन, म्हणजे कच्च्या केळ्याचे गोळे, तळले होते, त्यातला एक त्यांनी आवडीने घेतला. मी मागची खोली दाखवली, जिथे पुतळ्यांच्या पोटात फटाके भरतात. साहेबांनी बोलोन संपवला, हात पुसले आणि फटाक्यांची सगळी खोकी गाडीत भरायला लावली.
टीव्ही आला नाही. मामा संध्याकाळी म्हणाले, यापुढे पाहुणे बोलवायच्या आधी मला विचार. नाहीतर विचारूही नकोस, बोलवूच नकोस.
त्या खोलीबद्दल साहेबांना कुणी सांगितलं, याची गुप्त चौकशी करणार.

१७ डिसेंबर
निळा शर्ट दोरीवरून गायब. वाऱ्याने गेला म्हणे. वाऱ्याला नेमका माझाच शर्ट आवडला.
मी आत गेलो की बोलणं थांबतं. यादिराने मोबाइलवर माझा बाजूने फोटो काढला. विचारलं तर म्हणाली, दादा, मांजराचा काढत होते. मांजर तिथे नव्हतं.

२० डिसेंबर
जुना चष्माही नाही. जेवताना मामा एक डोळा मिटून, अंगठा समोर धरून माझ्या नाकाकडे बघत होते. मामी हळूच म्हणाली, अजून जरा मोठं हवं. काय मोठं, विचारलं. म्हणाली, माशाचा तुकडा रे, आणि माझ्या सुपात आणखी एक घातला.
निष्कर्ष: यादिराला माझं पद हवंय. शर्टासकट.

२३ डिसेंबर
चॅनेलला रोज फोन करतो. तिथले साहेब रोज मीटिंगमध्ये. यात यादिराचा हात असावा.

तोच दिवस, रात्र
नाही, उलगडलं. यादिराने माझ्या पँटचं माप विचारलं. फोटो, मापं, कुजबुज. माझ्यासाठी सूट शिवतायत. एकतीसला जाहीर नेमणूक. उगाच संशय घेतला. भाषण लिहायला घेतलंय.

२८ डिसेंबर
भाषण पाठ. यादिरा म्हणाली, दादा, एकतीसला नीटनेटका ये हं, तुझा दिवस आहे. आत जाऊन खूप हसली. आनंदाने हसतात माणसं.

३१ डिसेंबर, संध्याकाळ
दुकानासमोर खुर्चीवर मी बसलो होतो. म्हणजे तो. निळा शर्ट, चष्मा, अवाढव्य नाक, खिशातून कार्डं डोकावतायत, पायाशी खळीचं कोरडं पातेलं. दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणे मामा काळा झगा घालून, ओठ रंगवून पुतळ्याची विधवा झाले होते. त्याच्या गळ्यात पडत, गाड्या अडवून सुटे मागत: माझा धनी गेला हो, कशाला हात न लावताच गेला.
मामीने त्याचं मृत्युपत्र वाचलं. कार्डं मांजराला. योजना अग्निशमन दलाला. खळीचा दांडा यादिराला, कारण कोरा करकरीत आहे. गल्ली लोळली.
मग टीव्हीची गाडी आली. खरोखर. यादिराने पुतळ्याचा व्हिडिओ पाठवला होता. मी पुतळ्याशेजारी उभा राहिलो, केस सारखे केले, भाषण सुरू केलं. वार्ताहर बाई म्हणाली, भाऊ, जरा बाजूला व्हा, पुतळा झाकला जातोय.
हा कोण, असं तिने विचारलं. यादिरा म्हणाली, कुणी नाही हो, प्रत्येक घरात एक असतो.

२ जानेवारी
एकतीसच्या रात्री बातम्या संपल्या आणि दुकानापुढे रांग लागली. सगळ्यांना 'घरातला तो एक' हवा होता. पडून राहिलेल्या मंत्र्यांच्या पुतळ्यांवर माझी तोंडं चिकटवून विकली. खळ कमी पडली, मीच ढवळली.
मूळचा पुतळा बारा वाजता पेटवला. पोटात फटाके नव्हते, त्यामुळे मुकाट जळला.
जनसंपर्काचं महत्त्व मामांना शेवटी पटलं. टेबल आलंय. यादिरा बसते. माझ्या तोंडाचा साचा वरच्या फळीवर, राष्ट्राध्यक्षांच्या साच्यांच्या रांगेत ठेवलाय. मामा म्हणाले, पुढच्या डिसेंबरलाही लागेल, तू आहेस तसाच राहा.
खळीत गुठळ्या होतायत. पीठ कुणीतरी मुद्दाम जाड दळलंय.