उरलेला अर्धा पेला

मी, खाली सही करणारी, सहकारी बँकेची निवृत्त कर्ज अधिकारी, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण मृत्युपत्राला ते लागत नाहीत. यापूर्वी केलेल्या मृत्युपत्रात मी सगळं मुलाच्या नावावर केलं होतं. ते मी रद्द करते. कारण पुढे येईल.

कलम १. माझे गमबूट, विजेरी आणि पाण्याचे नमुने घ्यायच्या बाटल्या बँकेत माझ्या जागी आलेल्या मुलीला द्याव्यात. बूट तिला मोठे होतील, जाड पायमोजे घालावेत. कर्ज मागणाऱ्याने पंख्याखाली बसवून चहा पाजला म्हणून तिथूनच परत यायचं नाही. मागच्या दाराने बाहेर पडायचं आणि सांडपाणी जातं तसं चालत राहायचं. कोणी "ताई, तिकडे चिखल आहे हो" म्हणालं, की नेमकं तिकडेच जायचं.

कलम २. निवृत्तीच्या समारंभात मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ माजी व्यवस्थापकांना परत करावं. ते पहिल्या दिवसापासून बंद आहे. भाषणात त्यांनी जिला माझी तळमळ म्हटलं, तिला ते एरवी कटकट म्हणत. "बाई, आपण बँक आहोत, पाणीपुरवठा खातं नव्हे," असं त्यांनी मला सगळ्यांदेखत सुनावलं होतं. मी तेव्हा दिलेलं उत्तर इथे पुन्हा लिहिते. आपण ज्याला पैसे देतो, त्याच्या कारखान्यातून जे बाहेर पडतं त्यात आपलाही हात असतो. धुणंभांडी करून ठेवी ठेवणाऱ्या बायकांचे पैसे घ्यायचे आणि त्याच पैशांनी त्यांच्या विहिरी नासवायच्या, याला मी बँकिंग म्हणत नाही. घड्याळ नीट गुंडाळून द्यावं, काच फुटली तर माझ्या नावाने खडे फोडतील.

कलम ३. आमच्या कर्ज समितीच्या टेबलावर असतो तो पितळी पेला माझ्या घरचा आहे. तो बँकेकडेच राहावा. ज्यांना आमची पद्धत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. कारखान्याला कर्ज देताना आणि पुढे दरवर्षी, कर्जदाराने आपल्या कारखान्याच्या खालच्या अंगाच्या विहिरीचं पाणी या पेल्यातून आणायचं, अर्धं स्वतः प्यायचं आणि उरलेलं समितीतल्या प्रत्येकाने घोटभर घ्यायचं. प्रयोगशाळेचा अहवाल असतोच, पण अहवाल वाचताना कोणाचा चेहरा बदलत नाही. पाणी चांगलं असेल तर त्या वर्षी व्याज कमी, नसेल तर जास्त. सुरुवातीला लोक हसले. नंतर तेच लोक व्याज वाचावं म्हणून गाळणी आणि टाक्या बसवायला लागले.

पेल्याच्या काठाला पोचा आहे. तो माझ्या मुलाने लहानपणी दूध नको म्हणून पेला भिरकावला तेव्हाचा. ठोकून सरळ करू नये.

कलम ४. आता मुलगा. त्याचा कापड रंगवायचा कारखाना आहे. धोबीगल्ली त्याच्या खालच्या अंगाला. पाणी शुद्ध करायचं यंत्र बसवण्यासाठी त्याने आमच्याच बँकेकडून कमी व्याजाने कर्ज घेतलं. यंत्र बसलं, फोटो निघाले, माझा ऊर भरून आला. मग विजेचं बिल परवडेना म्हणून त्याने ते बंद ठेवायला सुरुवात केली. तपासणीला कोणी येणार असलं की तेवढं चालू.

वर्षाचा पेला घेऊन तो समितीपुढे आला. निवृत्त झाल्यावर मी समितीवर निवडून आले होते. मुलाचं प्रकरण म्हणून मत देणार नव्हते, पण पेला सगळ्यांपुढून फिरतो. पाणी लख्ख होतं. तो ऐटीत प्यायला. अध्यक्ष म्हणाले, "वा!" मग माझा घोट आला. पाणी गोड होतं.

धोबीगल्लीच्या विहिरीचं पाणी जन्मात कधी गोड नव्हतं. कारखाना नव्हता तेव्हाही ते मचूळच होतं. बायका त्यात साबणाला फेस येत नाही म्हणून कुरकुरत, पण पीत. माझ्या मुलाने दुकानातली बाटली फोडून पेला भरला होता. त्या गल्लीचं पाणी तो इतक्या वर्षांत एकदाही प्यायला नव्हता, म्हणून त्याला खोटं बोलणंही धड जमलं नाही.

मी तिथेच म्हणाले, "हे पाणी विहिरीचं नाही."

"आई, घरी बोलू," तो म्हणाला.

"घरी आई आहे. इथे ठेवीदारांचे पैसे आहेत."

त्याची सवलत गेली. त्याने काहीही न विचारणाऱ्या दुसऱ्या बँकेकडून कर्ज घेऊन आमचं फेडलं. तेव्हापासून तो माझ्या घराची पायरी चढलेला नाही. मला त्याची फार आठवण येते, हे मृत्युपत्रात लिहायचं नसतं असं वकील म्हणतात. लिहिते. तरी तेव्हा बोलले त्यातला एक शब्दही मी मागे घेत नाही.

कलम ५. माझ्या सगळ्या ठेवींचा बँकेने वेगळा निधी करावा. त्यातून गल्लीच्या आसपासच्या छोट्या रंगाईवाल्यांना मिळून एक शुद्धीकरण यंत्र घेण्यासाठी कर्ज द्यावं, यंत्र चालू राहील तोवर व्याज नाममात्र. ते चालतं की नाही हे गल्लीतल्या बायकांनी बघावं आणि त्या कामाचा त्यांना पगार मिळावा. आतापर्यंत त्यांनी फुकट बघितलं आणि कोणी ऐकलं नाही.

कलम ६. राहतं घर. मुलाला वाटतं घर निधीला जाईल. सुनेला वाटतं आईचं काळीज शेवटी विरघळेल. दोघांनीही घाई करू नये.

माझ्या मृत्यूनंतर एक वर्षाने मुलाने धोबीगल्लीच्या विहिरीवर जावं. गल्लीतल्या सर्वांत वयस्कर धोबिणीने पाणी शेंदून पितळी पेला भरावा. मुलाने अर्धा प्यावा. उरलेला अर्धा त्याने आपल्या लेकीच्या, म्हणजे माझ्या नातीच्या, हातात द्यावा. ती पेला ओठाला लावेपर्यंत त्याने तो काढून घेतला नाही, तर घर त्याचं. काढून घेतला, तर घर निधीचं.

वकील म्हणाले, "बाई, असली अट कोर्टात टिकायची नाही."

"नाही टिकली तर नाही. सगळ्यांसमोर वाचून तर दाखवाल?"

"ते दाखवीन."

मग पुरे आहे.

नात सज्ञान आहे. तिच्या संमतीशिवाय ही अट घातलेली नाही. तिला मी स्वयंपाकघरात समोर बसवून सगळं सांगितलं, बाटलीचं पाणीसुद्धा. नाही म्हणायची मुभा दिली. ती म्हणाली, "पिईन की, आजी. माझ्या हातात देताना बाबा खोटं नाही करायचे."

माझा त्याच्यावर तेवढा विश्वास उरलेला नाही. तिचा आहे. हे घर मी तिच्या विश्वासावर ठेवून जाते. पाणी मचूळ लागलं, तर तिने घाबरू नये. ते तसंच लागायला हवं.

सही : पेल्यावाल्या बाई (बँकेत मला याच नावाने ओळखतात)

साक्षीदार पहिला : बँकेचा शिपाई. बाईंनी आमच्यासमोर वाचून सही केली. मग पेनाला टोपण लावून ते मला परत दिलं.

साक्षीदार दुसरी : धोबीगल्लीतली थोरली धोबीण. अंगठा. पेला मी भरीन, आणि काठोकाठ भरीन.

ठिकाण : राहत्या घराची पुढची खोली, मुलाची खुर्ची आहे तिथे.

तारीख : बँकेच्या वार्षिक सभेचा आदला दिवस.