पाचव्या शीलाला तुमचा आवाज

आत्याबाई, तुम्हाला जाऊन चाळीस वर्षं होत आली. एवढ्या वर्षांत मी तुमच्याशी बोललेच नाही असं नाही, पण ते सगळं मनातल्या मनात, भाकरी थापताना, शाळेच्या वाटेवर, अर्धवट. आज दुपारी मुद्दाम वही घेऊन बसले आहे. जे सांगायचं आहे ते अर्धवट सांगता येणार नाही.

मी या घरात आले ती चौऱ्याहत्तर साली. मी मनमाडची, रेल्वेच्या क्वार्टरात वाढलेली, डी.एड. झालेली. तुम्ही नामपूरच्या. कांद्याच्या खळ्यावर निवडणीला जाऊन एकुलत्या एका मुलाला शिकवलेलं, आणि त्याला एकलहऱ्याच्या वीज केंद्रात नोकरी लागली तेव्हा एक वळकटी घेऊन त्याच्यामागे नाशिकरोडला आलेल्या. तुम्ही ‘आहे’ला ‘शे’ म्हणायच्या, आणि मी पहिल्या महिन्यात माहेरी जाऊन तुमची नक्कल करून सगळ्यांना हसवलं होतं. हे तुम्हाला कधी कळलं नाही. कळलं असतं तरी तुम्ही काही बोलल्या नसत्या. पहाटे उठून माझा डबा तुम्ही करायच्या. मास्तरीण सून आणली म्हणून कॉलनीतल्या बायका तुम्हाला टोचायच्या, तर तुम्ही म्हणायच्या, तिला खडूनं हात पांढरे करू द्या, पीठ माझ्या हाताला चालतं.

सत्याहत्तरच्या हिवाळ्यातली ती दुपार मला अजून दिसते. मी शाळेतून येते तर हे ओट्यावर बसलेले, बूट न काढता. ह्यांचं काम बॉयलरला जाणारं पाणी तपासण्याचं. पाळी अजून संपलेली नव्हती. तुम्ही समोर पाण्याचा तांब्या धरून उभ्या आहात आणि तो ह्यांच्या हातात जात नाही. काय झालं विचारलं तर म्हणाले, काही नाही झालं. आणि खरंच काही झालेलं नव्हतं. कोणी बोललं नव्हतं, काही चुकलं नव्हतं. पण त्या दिवसापासून ह्यांनी दाढी सोडली, जेवण सोडलं, आमच्या दोन वर्षांच्या लेकीला मांडीवर घेणं सोडलं. तुम्ही मीठ-मोहऱ्या ओवाळून पाहिल्या आणि मग स्वतःच म्हणालात, याला डॉक्टर पाहिजे.

नाशकात मनाचे डॉक्टर मिळाले. त्यांनी छोट्या गोळ्या दिल्या आणि तीन आठवडे धीर धरा म्हणाले. ह्यांचं तोंड कोरडं पडायचं, हात थरथरायचे, आणि फरक काही दिसेना. मी धीर सोडला होता. तुम्ही सोडला नाही. आणि चौथ्या आठवड्यात एका रविवारी हे स्वयंपाकघराच्या दारात येऊन म्हणाले, आई, ठेचा कर ना. तुम्ही मिरच्या भाजायला घेतल्या आणि ठसक्याचं निमित्त करून पदर डोळ्यांना लावलात. मला वाटलं, संपलं दुखणं. तीनेक वर्षं ते संपल्यासारखंच होतं. आपण लेकीला घेऊन गंगेवर, गोदाकाठी गेलो, ह्यांनी खिडक्यांना स्वतः रंग दिला. त्या वर्षांबद्दल लिहायला माझ्याकडे फार काही नाही. सुखाचे दिवस असे लक्षात राहत नाहीत.

एक्याऐंशीत त्याच गोळ्या, त्याच वेळेला, तुमच्याच हातून घेत असताना त्या चालेनाशा झाल्या. डॉक्टरांनी आधी वाढवून दिल्या, मग बदलून दिल्या. एका संध्याकाळी मी ह्यांना विचारलं, आत नेमकं होतं तरी काय? ह्यांनी डोक्यावरच्या बल्बकडे बोट केलं. “तो लागलाय. पण व्होल्टेज नाही. तसं.” एवढंच. त्यापेक्षा नीट मला कोणी आजवर सांगितलेलं नाही.

मग दारू. आधी झोपेसाठी, बरोबरच्या कोणाच्या तरी सांगण्यावरून. दोन घोट घेतले की तासभर माणसासारखं वाटतं, असं हे स्वतः म्हणाले, आणि त्या तासाभरात ते खरोखर लेकीशी बोलायचे. म्हणूनच मी सुरुवातीला काही म्हटलं नाही. हळूहळू तो तास आखूड होत गेला आणि बाटली मोठी. गोळ्या आणि दारू एकत्र चालणार नाहीत, असं डॉक्टरांनी बजावलं, तर ह्यांनी गोळ्या सोडल्या. बावीस दिवस रजा, मग बिनपगारी रजा. लेकीला मी मनमाडला माझ्या आईकडे ठेवून आले. ती गाडीच्या खिडकीशी उभी राहून विचारत होती, आजी कधी येणार न्यायला? माझ्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल विचारत होती.

ब्याऐंशीच्या पावसाळ्यात डॉक्टरांनी आपल्या दोघींना समोर बसवून सांगितलं की आता विजेचे शॉक देऊन पाहावे लागतील. आधी दवाखान्यात ठेवून दारू सोडवायची, मग शॉक. भूल देऊन देतात, वाटतं तितकं भयंकर नसतं. तुम्ही पूर्ण ऐकून घेतलंत आणि उठून उभ्या राहिलात. “मना पोऱ्याले ईज लावू देवाव नही मी.” माझ्या मुलाला मी वीज लावू देणार नाही. एकलहऱ्याला विजेचा धक्का लागलेल्या एका मजुराला तुम्ही पाहिलं होतं, हे तुम्ही रिक्षात सांगितलंत. मी बाहेर बघत होते.

त्यानंतर थोड्याच दिवसांत हे दिवेलागणीला रेल्वे फाटकाजवळच्या गटारात पडलेले सापडले. हातभट्टीची घेतली होती. शेजाऱ्यांनी उचलून आणलं. तुम्ही ह्यांना न्हाणीत बसवून लहान मुलासारखी अंघोळ घातलीत, डोक्यातला चिखल बोटांनी काढलात. दुसऱ्या दिवशी दारू द्यायची नाही असं आपण ठरवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ह्यांना झटका आला, दात बसले, डोळे फिरले. तो ओसरल्यावर तुम्ही चप्पल घातलीत आणि पिशवी घेऊन बाहेर पडलात. परत आलात तेव्हा वर मेथीची जुडी होती आणि खाली देशीची बाटली. नऊवारीतली म्हातारी, डोक्यावर पदर, त्या दुकानाच्या जाळीपुढे पुरुषांच्या रांगेत कशी उभी राहिली असेल, हे मी विचारायचं धाडस केलं नाही. स्टीलच्या पेल्याला तुम्ही खिळ्यानं आतून रेघ मारलीत. रेघेपर्यंतच द्यायची, सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा, आणि पोटात भाकर गेल्याशिवाय नाही. मी पुढे झाले तर म्हणालात, “तू शाळामा जाय. हाई काम मनं शे.” तू शाळेत जा, हे काम माझं आहे. तुम्ही मला लग्नात चांदीची जोडवी दिली होती. पण तुमच्याकडून मिळालेलं सर्वांत मोठं देणं कोणतं, असं कोणी विचारलं तर मी हे वाक्य सांगेन. तेव्हा मात्र मला ते तसं वाटलं नाही.

रविवारी संध्याकाळी आपण दोघी विहारात जायचो. त्या रविवारीही गेलो. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणताना तुमचा आवाज नेहमीसारखा खणखणीत, कारण ते तुम्ही दीक्षा घेतली तेव्हापासून पाठ केलेलं. चौथं शील झालं. पाचवं दारूपासून दूर राहण्याचं. तिथे तुमचा आवाज थांबला. हात जोडलेले, ओठ मिटलेले, नजर फरशीवर. पुढे दोन वर्षं दर रविवारी तुम्ही चारच शीलं म्हटलीत. न पाळता येणारा शब्द तुम्ही तोंडातून काढला नाहीत, आणि विहारात येणंही सोडलं नाहीत. शेजारी उभी राहून मी मात्र पाचही म्हणत होते.

आता मी तुम्हाला जे बोलले त्याकडे येते. त्र्याऐंशीच्या उन्हाळ्यात माझा भाऊ मला न्यायला आला होता. कॉलनीतल्या दोन बायका ओट्यावर होत्या. तुम्ही पेला घेऊन ह्यांच्या खोलीकडे निघालात आणि माझ्या तोंडून सुटलं. “तुम्हीच पाजताय त्यांना. शॉक देऊ दिले असते तर आज ही वेळ आली असती का? तुम्ही नाही म्हणालात.” तुम्ही पेला खाली ठेवला नाहीत. माझ्याकडे बघून, अगदी हळू म्हणालात, “तो आजारी शे, बाई. वाईट नही.” आणि आत गेलात. भावानं मला त्या दिवशी नेलं नाही. का, ते त्यानं सांगितलं नाही. त्यानंतर कॉलनीत सगळ्यांनाच ठाऊक झालं की म्हातारीनं उपचार अडवले. मी कोणाचं बोलणं खोडलं नाही.

चौऱ्याऐंशीच्या पौषात तुमची छाती भरली. शेवटच्या आठवड्यातही भिंतीला धरून उठायच्या आणि ह्यांचा पेला भरायच्या. तुम्ही गेलात तेव्हा हे रडले नाहीत. रडण्याइतकंही आत शिल्लक नव्हतं. तुम्ही आणून ठेवलेल्या बाटल्या संपल्या आणि तेराव्या दिवशी मीच देशीच्या दुकानात गेले. पदर घेऊन रांगेत उभी राहिले आणि तेव्हा कळलं की तुम्ही दोन वर्षं काय केलं होतं.

मला ते महिनाभरही जमलं नाही. मी डॉक्टरांकडे गेले आणि शॉकच्या कागदावर सही केली. ह्यांना आधी दवाखान्यात ठेवलं, हळूहळू दारू कमी करत सोडवली. मी घाबरत डॉक्टरांना सांगितलं की घरी माझ्या सासूबाई मोजून द्यायच्या. मला वाटलं आता बोलणी बसणार. ते म्हणाले, एकदम तोडली असती तर कदाचित झटक्यातच गेले असते. मग सहा शॉक दिले. पाचव्यानंतर ह्यांनी मला विचारलं, पोरगी कितवीत आहे? मी भिंतीला टेकून बसले.

एकदम सगळं चांगलं झालं असं नाही. दोनदा परत प्यायले, दोनदा परत दवाखाना झाला. पण सत्याऐंशीपासून थेंब नाही. लेक परत आली, नोकरी टिकली, नव्या गोळ्या निघाल्या त्या लागू पडल्या. फक्त मधल्या दिवसांतलं बरंचसं पुसलं गेलं. तुमचं आजारपण ह्यांना आठवत नाही. तुम्हाला खांदा दिल्याचं आठवत नाही. फाटक, गटार, न्हाणी, पेला, काहीच नाही. मी सांगितलं तेवढंच ह्यांच्याकडे आहे. आता ऐंशीच्या घरात आहेत. कधी तुमचा विषय निघाला की म्हणतात, आईनं तेव्हा शॉकला नाही म्हटलं, अडाणी होती बिचारी, तीन वर्षं फुकट गेली माझी. रागानं नाही म्हणत. माफ केल्यासारखं म्हणतात. ते मला जास्त लागतं.

आत्याबाई, त्या पावसाळ्यात तुम्ही नाही म्हणून आल्यावर पंधरा दिवसांनी डॉक्टरांनी मला एकटीला बोलावलं होतं. मी शाळेतून परस्पर गेले. त्यांनी कागद पुढे केला आणि म्हणाले, सही बायकोची लागते, आईच्या हो-नाहीचा प्रश्नच नाही. पेन माझ्या हातात होतं. शाळेत वेड्याची बायको म्हणतील, उद्या लेकीला स्थळ येणार नाही, हे मनात आलं. आणि हेही आलं की हा शेवटचा इलाज, तो करून पाहिला आणि लागू पडला नाही तर मग आपल्याकडे काहीच उरणार नाही. मी पेन खाली ठेवलं आणि म्हटलं, “सासूबाई नको म्हणतात.” तुमचं नाव मला सोपं गेलं. घरी येऊन मी तुम्हाला काही सांगितलं नाही. वर्षभरानं चारचौघांत तोच दोष तुमच्या अंगावर टाकला तेव्हा हे सगळं मला नीट आठवत होतं.

हे मी तुम्हाला लिहिते आहे, कारण तुमच्यापर्यंत ते पोचणार नाही. ज्यांच्यापर्यंत पोचू शकतं ते पलीकडच्या खोलीत पेपर वाचत बसले आहेत. त्यांना मी अजून सांगितलेलं नाही. आजही सांगेन असं वाटत नाही.