व्याह्यांनी पाडलेली लेन्स

खारबाव, सोमवार

ती. पंढरी भाऊजींना केसरीनाथचा नमस्कार.

आक्काच्या गुडघ्याला गरम पाण्याच्या कुंडातल्या आंघोळींनी उतार पडला का? तुमची बीपीची गोळी चालू असेलच, आज ती घेऊनच पुढे वाचा. आमच्याकडे सगळे खुशाल आहेत, मी सोडून. फोन न करता लिहितोय, कारण तुमचा आवाज ऐकला की माझा राग पळतो आणि या वेळी तो मला पळू द्यायचा नाही. (भिवंडीत फोटो स्टुडिओ चालवणारा माणूस वीस वर्षं लोकांना "हसा" म्हणून सांगतो, त्याला रागवायची सवय कुठून असणार.)

उन्नतीसाठी राघोशेटचं स्थळ तुम्ही आणलंत. मुलगा भूपेश गुणी आहे, तक्रार आहे ती त्याच्या बापाबद्दल. साखरपुड्यात मी माझ्याच मुलीचे फोटो काढत होतो, तर या गृहस्थांनी माझ्या हातातला कॅमेरा ओढला. "व्याही, तुम्ही बसा, मी मारतो दोन फोटो." पेढ्याच्या तुपकट हातांनी. पट्टा गळ्यात घाला असं सांगेपर्यंत कॅमेरा फरशीवर. कॅमेरा वाचला, लेन्स आपटली. माझी कमाईची लेन्स, भाऊजी, तिच्यावर मी चारशे लग्नं काढलीत. आणि मी काय म्हणालो? "काही नाही झालं हो, असल्या पडतातच." मुलीचा बाप झालं की जिभेला कुलूप लागतं ते असं.

दुसऱ्या दिवशी मी ती ठाण्याला दाखवायला निघणार, तर राघोशेट स्टुडिओत हजर. यांच्या कापडाच्या कारखान्यात चाळीस वर्षांचे लूम अजून धडधडतायत, त्यामुळे जुनी वस्तू टाकून नवी घेणं यांना पाप वाटतं. लेन्स रुमालात गुंडाळली आणि नेली थेट लूमवरच्या रामू मिस्त्रीकडे. मिस्त्रीने फोकसची रिंग फिरवून पाहिली, ती घट्ट लागली, तर म्हणे "सेठ, ये तेल माँगती है." आणि दिलं तेल. लूमचं तेल, लेन्सला. (हे वाक्य आक्कालाही वाचून दाखवा.) आता रिंग लोण्यासारखी फिरते आणि फोटोत उजवीकडे उभा असलेला माणूस धुक्यात दिसतो.

ठाण्याचा कारागीर म्हणतो, काचांवर तेल चढलंय आणि एक काच सरकलीय. खोलून साफ करून देतो, पण भर लग्नात दगा देणार नाही याची हमी माझ्याकडे मागू नका, त्यापेक्षा नवीच घ्या. मलाही पटतं. पण राघोशेटचा रोज संध्याकाळी फोन येतो, "कशी चालते?" आणि मी रोज म्हणतो, "एक नंबर." आता ते सगळ्या भावकीत सांगत सुटलेत की आमच्या मिस्त्रीने लेन्स नीट केली, लग्नाचे फोटो तिच्यावरच निघणार. खरं सांगावं तर त्यांचा मान जातो आणि पोरीला त्याच घरात नांदायचंय. गप्प बसावं तर पोरगी स्वतःच्या लग्नाच्या अल्बमात धुक्यात. लग्नाला अठरा दिवस राहिलेत. संताप इतका झालाय की काल पासपोर्ट फोटोच्या एका गिऱ्हाइकावर "मान सरळ करा" म्हणून खेकसलो. त्याची मान लचकलेली होती.

आपला (फार रागावलेला)
केसरीनाथ

ता. क. मुद्द्याचं राहिलंच. स्थळ तुम्ही आणलंत, तेव्हा राघोशेटना काय ते तुम्हीच सांगा. माझं नाव मध्ये येऊ देऊ नका.

ता. क. २. पाकीट चिकटवायच्या आत उन्नतीने हे सगळं वाचलं आणि माझ्यासमोर सासऱ्यांना फोन लावून सांगून टाकलं. ते म्हणाले, "मला म्हायती हाय. मिस्त्रीने त्याच दिवशी हात टेकले." रोज फोन करत होते, भावकीत फुशारक्या मारत होते, ते मी एकदा तरी चिडून बोलेन म्हणून. बाप मनातलं बोलत न्हाय, पोरगीही तशीच निघाली तर तिला आमच्याकडे काय दुखतंय ते आम्हाला कळणार कसं, ही त्यांची काळजी. नवी लेन्स आणायला दोघं मिळून जाऊ, पण आधी व्याह्यांनी मला झापलं पाहिजे, अशी अट घातली. उन्नतीने फोन माझ्या हातात दिला. मी म्हणालो, "छे हो शेट, राग कसला."

तर भाऊजी, रविवारी हे पत्र घेऊन या आणि राघोशेटना वाचून दाखवा. आवाज चढवून वाचा, मला ते जमत नाही.